आखूड नळीच्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी स्वसंरक्षणाची काडतुसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून मला पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी टेक्सासमध्ये राहतो आणि सुट्टीच्या दिवशी रेंजवर नवख्यांना रिव्हॉल्व्हर हाताळायला शिकवतो. हत्यार घ्यावं की नाही, हे ज्याने त्याने घरच्यांबरोबर बसून ठरवायचं. ज्यांच्याकडे ते कायदेशीर आहे त्यांनी त्यात काय भरावं, एवढाच इथला विषय. कायदे राज्यागणिक वेगळे असतात आणि बदलतात, तेव्हा कायद्याच्या उत्तरांवर विसंबण्याआधी आपल्या राज्याचा सध्याचा नियम स्वतः वाचा.

१. मी एच-वन-बी वर आहे. बंदूक नाही, पण मित्राबरोबर रेंजवर जायला काडतुसांचा एक डबा घेऊन ठेवला तर चालेल का?

नाही. हा प्रश्न मुद्दाम पहिला ठेवला आहे. खालच्या बाकी उत्तरांत काही चुकलं तर सुधारता येतं, इथली चूक आयुष्याला लागते. अमेरिकेच्या संघीय कायद्याप्रमाणे बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या माणसाला (एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन, बी-टू सगळे यात आले) बंदूक बाळगायला मनाई आहे आणि काडतूसही बाळगायला मनाई आहे. खणात पडलेलं एक काडतूससुद्धा त्यात येतं. रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेलं पिस्तूलही ताब्यातच धरलं जातं. शिक्षा १५ वर्षांपर्यंत होऊ शकते आणि ग्रीन कार्डची वाट तिथेच बंद होते.

कायद्यात थोडे अपवाद आहेत. राज्याचा वैध शिकार-परवाना हा त्यातला नेहमी ऐकू येणारा. पण मित्राने सांगितलं म्हणून त्यावर विसंबू नका, आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही.

याच्याच पोटातला एक प्रश्न कोणी विचारत नाही, पण विचारायला हवा. तुम्ही ग्रीन कार्डवर आहात आणि आईबाबा सहा महिन्यांसाठी बी-टू वर आले आहेत. घरातली तिजोरी बंद असू द्या आणि तिची किल्ली किंवा आकडा त्यांच्याकडे देऊ नका. “आई, तेवढा डबा आत ठेवून दे,” एवढ्यानेही त्या अडचणीत येऊ शकतात.

२. गोळी, बुलेट, काडतूस, ग्रेन... दुकानात गेलं की गोंधळ होतो. काय कशाला म्हणायचं?

काडतूस म्हणजे अख्खी वस्तू. त्यात चार गोष्टी असतात : पितळेची पुंगळी, बुडाला प्रायमर (दारू पेटवणारी टिकली), आत दारू आणि पुढे गोळी. नळीतून बाहेर जाते ती फक्त गोळी. ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप आहे, दारूचं नाही. ७,००० ग्रेन म्हणजे एक पाउंड, म्हणून १५८ ग्रेनची गोळी साधारण १० ग्रॅम भरते. डब्यावर वेग फूट प्रति सेकंदात लिहितात, पुढे मी नुसतं ‘फूट’ म्हणेन.

३. “आखूड नळी” म्हणजे किती इंचांची? माझं पिस्तूल तीन इंची आहे आणि बायकोचं रिव्हॉल्व्हर दोन इंची. तिचीच नळी आखूड ना?

ढोबळ मानाने रिव्हॉल्व्हरमध्ये दोन इंचांच्या आसपास आणि पिस्तुलात साडेतीन इंचांच्या आत असेल तर आखूड म्हणतात. स्मिथ अँड वेसनच्या छोट्या जे-फ्रेमची नळी १.८७५ इंच असते, सिग पी-३६५ ची ३.१ इंच, रुगर एलसीपीची २.७५ इंच.

पण तुमची तुलना फसवी आहे, कारण दोन्हीकडे मोजायची पद्धत वेगळी. पिस्तुलाच्या नळीत काडतूस बसायची जागाही धरतात. ९ मिमीची पुंगळी सुमारे पाऊण इंच लांब असते, म्हणजे तुमच्या तीन इंचांतले गोळीला पळायला सव्वादोनच उरले. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस सिलिंडरमध्ये (फिरणाऱ्या गोल खणात) बसतं आणि नळी सिलिंडरच्या पुढून मोजतात. तिथे दोन म्हणजे खरोखर दोन. त्याबदल्यात सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये केसाएवढी फट असते आणि थोडा दाब तिथून निसटतो. त्यामुळे गोळी जेवढं पळते त्या हिशेबाने दोघंही जवळपास बरोबरीत आहात.

४. नळी आखूड झाल्याने बिघडतं काय? गोळी तर तीच असते.

दारू जळून तयार झालेला वायू गोळीला ढकलत असतो तो गोळी नळीत असेपर्यंतच. नळी संपली की ढकलणं संपलं. उरलेली दारू बाहेर जाऊन भडका आणि आवाज करते, गोळीला तिचा उपयोग होत नाही. नळीच्या दर इंचामागे साधारण २५ ते ५० फुटांचा वेग जातो. काही काडतुसांत जास्त जातो, जड आणि मुळात संथ गोळीत कमी.

नुसता वेग कमी झाला असता तर एवढा विचार करावा लागला नसता. अडचण अशी की फुलणारी गोळी (प्रश्न ५ पाहा) ठराविक वेगासाठी घडवलेली असते. चार इंची नळीसाठी घडवलेली गोळी दोन इंचीतून सुटली की ती फुलायच्या उंबरठ्याखाली येते. आणि डब्यावर छापलेला वेग बहुतेक वेळा चार इंची चाचणी-नळीतला असतो. उदाहरणार्थ, .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या एका नावाजलेल्या प्लस-पी (जास्त दाबाच्या, प्रश्न ८ पाहा) प्रकारावर ८९० फूट लिहिलेलं असतं. स्नब, म्हणजे आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरमधून ते ८०० च्या आसपास येतं. म्हणून डबा हातात घेतला की वेगाच्या आकड्याशेजारी नळीची लांबी लिहिली आहे का ते आधी बघा.

५. साधी गोल नाकाची काडतुसं निम्म्या किमतीत मिळतात. हॉलो पॉइंटच का घ्यायची?

सरावासाठी साधीच घ्या, पैसे वाचवा. स्वसंरक्षणाला हॉलो पॉइंट सांगतात त्याची दोन कारणं आहेत. तिच्या नाकात खळगा असतो. शरीरातल्या ओलाव्याने त्या खळग्यात दाब येतो आणि गोळी फुलासारखी उमलते. उमललेली गोळी जास्त काम करते आणि लवकर थांबते, म्हणजे पलीकडे उभ्या असलेल्या निरपराध माणसापर्यंत जायची शक्यता घटते. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गोल नाकाची पूर्ण जॅकेटवाली (शिशावर धातूचं आवरण असलेली) गोळी बऱ्याचदा आरपार जाते आणि ती पुढे कुठे जाईल यावर आपलं काहीच नियंत्रण उरत नाही.

आखूड नळीत मात्र हॉलो पॉइंट म्हटलं की काम झालं असं नाही. जाड कपड्यातून जाताना खळग्यात सूत किंवा लोकर भरते, आणि वेग आधीच कमी असल्याने गोळी न उमलता साध्या गोळीसारखीच जाते. हॉर्नडीच्या क्रिटिकल डिफेन्समध्ये खळगा मऊ लाल पॉलिमरने भरलेला असतो तो याचसाठी. ‘शॉर्ट बॅरल’ असं लिहिलेली काडतुसं कमी वेगालाही उमलतील अशी घडवतात. हे शब्द म्हणजे नुसती जाहिरात नव्हे, निदान नावाजलेल्या कारखान्यांच्या बाबतीत नाही.

६. “१२ ते १८ इंच” असं सगळीकडे वाचतो. हा आकडा कुठून आला? माणूस काय १८ इंच जाड असतो का?

११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे अधिकारी आणि दोन दरोडेखोर यांच्यात चकमक झाली. दोन अधिकारी मारले गेले, पाच जखमी झाले. एका अधिकाऱ्याने झाडलेली ९ मिमीची ११५ ग्रेनची हॉलो पॉइंट एका दरोडेखोराला लागली, दंडातून छातीत शिरली, व्यवस्थित उमलली आणि हृदयाच्या थोडी अलीकडे थांबली. तो माणूस त्यानंतरही गोळ्या झाडत राहिला. गोळी नेमून दिलेलं काम करूनही कमी पडली होती. पुढे एफबीआयने चाचणीची पद्धत बसवली : दहा टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात, कपड्यांच्या थरांतून आणि इतर अडथळ्यांतून झाडून, गोळी किमान १२ इंच जायला हवी आणि शक्यतो १८ च्या पुढे जाऊ नये.

माणूस १८ इंच जाड नसतो हे खरं. पण तो समोर छाती काढून उभाही नसतो. हात आडवा असतो, अंग तिरकं असतं, मध्ये अंगातलं जाड जॅकेट असतं. त्यात जिलेटिन हे काही शरीर नव्हे. त्यात हाडं नाहीत, कातडी नाही. दोन काडतुसांची एकाच फुटपट्टीने तुलना करता यावी म्हणून ते माध्यम आहे, तेवढाच त्याचा अर्थ घ्या.

माझं मत विचाराल तर आखूड नळीत खोली आणि उमलणं यांतलं एकच मिळणार असेल तर खोली घ्या. दिसायला सुंदर उमललेली पण आठ-नऊ इंचांत थांबलेली गोळी मला नको. पुढची बरीच उत्तरं या एका निवडीवर उभी आहेत.

७. स्मिथ अँड वेसन ६४२ घेतलंय, .३८ स्पेशल, पाच काडतुसांचं. नेमकं कोणतं काडतूस घेऊ?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून सावकाश लिहितो.

.३८ स्पेशल हे १९ व्या शतकाच्या अखेरचं काडतूस. त्या काळी ते लांब नळीच्या पोलिसी रिव्हॉल्व्हरसाठी होतं. पुढे कोल्टने १९२७ मध्ये डिटेक्टिव्ह स्पेशल काढलं, स्मिथ अँड वेसनने १९५० मध्ये चीफ्स स्पेशल काढलं, आणि मोठ्या माणसाचे कपडे लहान मुलाला घालावेत तसं तेच काडतूस दोन इंची नळीत आलं. तेव्हापासून त्याला कसं बसवायचं याचीच खटपट चालू आहे. आज माझ्या मते तीन वाटा शहाण्या आहेत.

पहिली वाट स्पीअर गोल्ड डॉटचं १३५ ग्रेनचं शॉर्ट बॅरल, प्लस-पी. न्यूयॉर्क पोलिसांत छोटी रिव्हॉल्व्हरं जोडहत्यार म्हणून वापरणारे बरेच होते, त्यांच्या गरजेतून हे तयार झालं. यावर लिहिलेला ८६० फुटांचा वेग दोन इंची नळीतलाच आहे, ही प्रामाणिकपणाची गोष्ट मला आवडते. खळगा चांगला रुंद आहे.

दुसरी वाट जुनी : १५८ ग्रेनची मऊ शिशाची सेमी-वॉडकटर (निमुळती पण पुढून सपाट) हॉलो पॉइंट, प्लस-पी. हिलाच ‘एफबीआय लोड’ म्हणतात. जॅकेट नसल्याने मऊ शिसं कमी वेगातही उमलू शकतं, आणि नाही उमललं तरी वजनामुळे खोल जातं. बहुतेक स्नबची न हलणारी साइट याच वजनाच्या गोळीसाठी जुळवलेली असते, त्यामुळे नेम धरला तिथे लागते. हलकी गोळी त्याच साइटने थोडी खाली लागते. आधी वाटतं आपलाच हात चुकला, पण दोष गोळीच्या वजनाचा असतो.

तिसरी वाट १४८ ग्रेनचं वॉडकटर, म्हणजे नाक सपाट असलेलं, डब्यासारखं दिसणारं नेमबाजीचं काडतूस. ते उमलत नाही आणि वेगही जेमतेम. पण सपाट नाक स्वच्छ भोक पाडतं, पुरेसं खोल जातं आणि धक्का इतका सौम्य की पाचच्या पाच नेमाने जातात. ६४२ चं वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास, त्यातून प्लस-पी झाडलं की हात झणझणतो. तिसऱ्या गोळीपासून डोळे मिटणारे कितीतरी जण मी पाहिले आहेत. अशांना मी वॉडकटर देतो आणि त्याच दिवशी त्यांचा नेम सुधारतो.

वॉडकटरची एकच खोड. नाक सपाट असल्याने घाईत सिलिंडरमध्ये सरकत नाही, कडेला अडतं. म्हणून मी स्वतः रिव्हॉल्व्हरमध्ये वॉडकटर ठेवतो आणि खिशातल्या जादा काडतुसांच्या पट्टीवर टोकदार नाकाची १५८ ग्रेनची. फेडरलच्या .३८ मायक्रो एचएसटीमध्येही गोळी पुंगळीत काठापर्यंत बुडालेली असते, तिथेही भरताना हाच त्रास होतो.

८. प्लस-पी म्हणजे काय? माझ्या सासऱ्यांच्या जुन्या .३८ मध्ये चालेल का?

सामी ही अमेरिकेतल्या कारखान्यांची प्रमाणं ठरवणारी संस्था. तिच्या मते साध्या .३८ स्पेशलचा कमाल दाब १७,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पाउंड) आणि प्लस-पीचा २०,०००. नळीवर ‘प्लस-पी’ कोरलेलं असेल किंवा त्याच मॉडेलच्या पुस्तिकेत तसं लिहिलं असेल तरच वापरा. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये, त्यातही ॲल्युमिनियम फ्रेमच्या, तसं काही लिहिलेलं नसेल तर साधं १५८ ग्रेन किंवा वॉडकटर भरा आणि एकदा गनस्मिथकडून तपासून घ्या. सासऱ्यांचं आहे, जपून वापरलेलं बरं.

‘प्लस-पी-प्लस’ या नावाला सामीचं प्रमाणच नाही. आत किती दाब आहे ते कारखान्यालाच ठाऊक. घेऊ नका.

९. रिव्हॉल्व्हर .३५७ मॅग्नमचं आहे, दोन इंची. मग मॅग्नमच भरू ना?

त्यात .३८ स्पेशलही चालतं, आणि हलकं हत्यार असेल तर मी तेच भरायला सांगेन. .३५७ मध्ये संथ जळणारी दारू भरपूर असते, ती दोन इंचांत जळून संपत नाही. वेग वाढतो, पण त्याहून जास्त वाढतो तो जाळ, आवाज आणि धक्का. रात्री अंधाऱ्या खोलीत एक गोळी झाडली की काही क्षण काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. दुसरी गोळी मग कुठे जाणार? पोलादी, जड रिव्हॉल्व्हर असेल, भरपूर सराव असेल, तर गोष्ट वेगळी.

अतिहलक्या मॉडेलांवरची सूचना मात्र वाचा. स्मिथ अँड वेसन ३४० पीडीमध्ये १२० ग्रेनपेक्षा हलक्या गोळीचं मॅग्नम वापरू नका, असं कारखानाच सांगतो. त्याचा सिलिंडर टायटॅनियमचा आहे आणि तो झिजतो. फार जड गोळीचा उलटा त्रास प्रश्न १४ मध्ये आहे.

१०. .३८० चं छोटं पिस्तूल खिशात मावतं. त्यात पुरेसं बळ आहे का?

काठावर आहे. .३८० एसीपी हे १९०८ चं काडतूस, गोळी ९० ते १०० ग्रेनची. पावणेतीन इंची नळीतून बऱ्याच हॉलो पॉइंट सुंदर उमलतात आणि १२ इंचांच्या आतच थांबतात. उरलेल्या उमलतच नाहीत. दोन्हींचा मेळ बसणारी थोडी आहेत. हॉर्नडीची ९० ग्रेनची एक्सटीपी गोळी वापरलेली काडतुसं आणि फेडरलचं ९९ ग्रेनचं हायड्रा-शॉक डीप ही त्यांतली, कारण दोन्ही जरा सावकाश उमलतात. तुमच्या पिस्तुलात ही नीट चालत नसतील तर सपाट नाकाची पूर्ण जॅकेटवाली वापरणारेही जाणते लोक आहेत. मात्र ती आरपार जाऊ शकते हे लक्षात ठेवून (प्रश्न १६).

खिशात .३८० मावतं त्याच आकारात आज ९ मिमीही मिळतं. हाताला झेपत असेल तर मी तिकडे ढकलेन.

११. ९ मिमी, तीन इंची. ११५, १२४ की १४७ ग्रेन?

१२४ किंवा १४७. मायामीची गोष्ट ११५ ग्रेनचीच आहे (प्रश्न ६). आजच्या ११५ ग्रेनच्या गोळ्या तेव्हापेक्षा पुष्कळ सुधारल्या आहेत, पण हलकी गोळी वेगावर जगते आणि तोच इथे कमी आहे. १४७ मुळात संथ, म्हणून आखूड नळीत तिचं नुकसान कमी. स्पीअर गोल्ड डॉट किंवा फेडरल एचएसटी, दोन्हींपैकी जे तुमच्या पिस्तुलात न अडकता चालतं ते घ्या. .३८ आणि .३८० इतका इथे जीव टांगणीला नाही, ९ मिमीला आखूड नळी बऱ्यापैकी मानवते.

१२. आईचं वय ६८, ग्रीन कार्ड आहे, संधिवात आहे. तिला काय द्यावं? लोक म्हणतात .२२ तर खेळणं आहे.

.२२ खेळणं नाही. पण त्यात प्रायमर पुंगळीच्या कडेत असतो आणि अशी काडतुसं न उडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त. म्हणून .२२ द्यायचंच तर रिव्हॉल्व्हर द्या, नाही उडालं तर पुन्हा चाप ओढला की पुढचं काडतूस समोर येतं. गोळी मात्र टणक, न उमलणारी घ्या. तिच्यात उमलायला आणि खोल जायला, दोन्हीला पुरेल एवढी ताकद नसते.

त्याआधी आईंच्या बोटाला चाप ओढता येतो का ते बघा. हॅमर झाकलेल्या छोट्या रिव्हॉल्व्हरचा चाप चांगलाच जड असतो. तो ओढला जात असेल तर पोलादी फ्रेमचं .३८ आणि वॉडकटर हे .२२ पेक्षा बरं. तिसरा पर्याय .३२७ फेडरल मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर : त्यात .३२ एस अँड डब्ल्यू लाँगही चालतं, आणि त्याचा धक्का इतका सौम्य की माझ्या वर्गातल्या ज्येष्ठ बायका हसत झाडतात.

१३. महागडी काडतुसं आहेत, २० चा डबा. सरावात उडवायला जीव होत नाही. न तपासता ठेवली तर?

पिस्तूल असेल तर अजिबात ठेवू नका. हॉलो पॉइंटचं रुंद नाक काही छोट्या पिस्तुलांत आत जाताना अडतं, आणि ते घरी शांतपणे बघून कळत नाही. साध्या काडतुसांनी दोनशे आणि त्यानंतर नेहमी भरायच्या काडतुसांनी निदान पन्नास, मध्ये एकदाही न अडकता, असं मी सांगतो. हातात सैल धरून काही, डाव्या हाताने काही. रिव्हॉल्व्हरला दोन-तीन डबे पुरेत, पण नेम कुठे बसतो ते सात यार्डांवर नक्की बघा. खर्च होतो हे मान्य. मग महागडं सोडून, तपासायला परवडेल असं काडतूस घ्या.

१४. रोज रात्री पिस्तूल रिकामं करतो, सकाळी भरतो. तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसायच्या जागेत) गेलं तर काय होतं?

दर वेळी गोळीचं नाक आदळतं आणि ती हळूहळू पुंगळीत आत सरकते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो, कधी धोकादायक इतका. नव्या काडतुसाशेजारी उभं करून उंची बघा. जरा जरी बुटकं दिसलं तर ते बाजूला काढा, झाडू नका. शक्य असेल तर रोज रिकामं करण्यापेक्षा भरलेलंच कुलूपबंद पेटीत ठेवा.

हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये उलटं होतं. धक्क्याने हत्यार मागे येतं, सिलिंडरमधल्या जड गोळ्या जागच्या जागी राहायला बघतात आणि पुंगळीतून पुढे सरकतात. जास्त सरकली की गोळीचं नाक सिलिंडरच्या बाहेर येतं आणि सिलिंडर फिरेनासा होतो. तपासायची रीत सोपी : चार काडतुसं झाडा, पाचवं न झाडता बाहेर काढा आणि नव्याशी जुळवून बघा.

१५. काडतुसं किती वर्षं टिकतात?

कोरड्या, थंड जागी बंद डब्यात अनेक दशकं. रोज अंगावर वागवलेली मात्र घाम, दमट हवा आणि तेल खातात, ती मी वर्षाला बदलतो आणि जुनी सरावात उडवतो. हत्याराला तेल लावाल तर सिलिंडर आणि चेंबर पुसून कोरडे करूनच भरा, तेल प्रायमरमध्ये मुरू शकतं. उन्हाळ्यात गाडीच्या ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये ठेवू नका.

१६. शेजारच्या खोलीत मुलं झोपतात. भिंतीतून गोळी जाणार नाही असं काडतूस कोणतं?

असं काडतूस नाही. पुण्यातल्या विटांच्या भिंतींची आपल्याला सवय, इथल्या घरातली आतली भिंत म्हणजे लाकडी चौकटीवर ड्रायवॉलचे दोन पातळ तक्ते. त्यातून यातली जवळजवळ प्रत्येक गोळी जाते, हॉलो पॉइंटचा खळगा भुशाने भरला की ती तर साध्या गोळीसारखीच जाते. फुटून तुकडे होणारी ‘सुरक्षित’ काडतुसं शरीरातही उथळ राहतात, म्हणून मी सुचवत नाही.

यावर उपाय काडतुसात नाही, घराच्या नकाशात आहे. दिवसा, हत्यार तिजोरीत ठेवून, घरभर फिरा. कुठे उभं राहिलं तर समोरच्या रेषेत मुलांची खोली येत नाही ते ठरवा. बऱ्याच घरांत मुलांना आपल्या खोलीत घेऊन दार लावून ९११ ला फोन करणं हीच सगळ्यात चांगली जागा निघते. आणि चुकलेली गोळी नेहमीच पूर्ण वेगाने पलीकडे जाते, म्हणून जे काडतूस तुम्हाला नेमाने झाडता येतं तेच मुलांसाठीही जास्त सुरक्षित.

१७. आम्ही एडिसनला राहतो. न्यू जर्सीत हॉलो पॉइंट बेकायदा आहेत म्हणे, पण दुकानात तर विकतात!

दोन्ही खरं आहे. न्यू जर्सीत हॉलो पॉइंट बाळगणं हा गुन्हा आहे, पण त्याला अपवाद आहेत. आपल्या घरात आणि आपल्या मालकीच्या जागेत ठेवता येतात, दुकानातून घरी नेता येतात, रेंजवर नेता-आणता येतात. म्हणून दुकानात मिळतात. ज्यात लोक फसतात ती गोष्ट अशी की अंगावर हत्यार वागवायचा परवाना मिळाला म्हणून ती अंगावर वागवता येतात असं नाही.

पॉलिमरने नाक भरलेली हॉर्नडी क्रिटिकल डिफेन्ससारखी काडतुसं या बंदीत मोडत नाहीत, असं राज्य पोलिसांनीच सांगितलेलं आहे. तिथले बहुतेक परवानाधारक म्हणूनच ती वापरतात. .३८ वाल्यांना वॉडकटर आहेच, त्यात खळगा नाही. मात्र काही वॉडकटरना बुडाला पोकळी असते, ती नाकात नाही याची खात्री करून घ्या. डबा घेण्याच्या दिवशी राज्य पोलिसांचं पान उघडून सध्याची यादी वाचा.

१८. हॉलो पॉइंट म्हणजे “दमदम गोळी” ना? तिच्यावर तर जगभर बंदी आहे.

नाव कोलकात्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारावरून आलं, १८९० च्या दशकात तिथे ब्रिटिशांनी .३०३ रायफलीसाठी पुढचं शिसं उघडं ठेवलेली गोळी केली होती. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने उमलणाऱ्या गोळ्यांना मनाई केली ती देशादेशांमधल्या युद्धात. पोलीस आणि नागरिकांचं स्वसंरक्षण त्यात येत नाही. अमेरिकेतले पोलीस हॉलो पॉइंटच वापरतात.

१९. नाशिकला काकांकडे परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे. त्यांना यातलं काय लागू पडतं?

काडतूस निवडायचा भाग जवळजवळ काहीच नाही. भारतात सैन्य-पोलिसांच्या ९ मिमी काडतुसाची हत्यारं निषिद्ध बोअरमध्ये (नागरिकांना मनाई असलेल्या नळीच्या मापात) येतात, म्हणून नागरिकांकडे बहुतेक .३२ असतं. कानपूरच्या कारखान्यातलं, जानेवारी २०१४ मध्ये आलेलं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हरही .३२ चंच. काडतूस .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, १८९६ चं. नेहमीची गोळी ९८ ग्रेनची आणि वेग ७०० फुटांच्या आसपास, म्हणजे साध्या .३८ च्या साधारण निम्मी ऊर्जा. पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ दिसलं तर ते आपल्या खडकीचं, १८६९ पासून चालत आलेल्या दारूगोळा कारखान्याचं.

काकांनी उमलणाऱ्या गोळीचा विचार सोडून द्यावा. एवढ्या वेगात साध्या गोळीची खोलीच उपयोगी. प्रश्न १५ त्यांना पूर्ण लागू, कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत तर जास्तच. आणि काडतुसं किती ठेवता येतील हे परवान्यावर लिहिलेलं असतं, त्यापलीकडे एकही नको. नाकाला कानस लावून घरी ‘हॉलो पॉइंट’ करायचा सल्ला कोणी दिला तर तो कानाआड करा. गोळीचा तोल जातो आणि जॅकेट नळीत अडकून राहू शकतं.

२०. अमेरिकेतून भारतात जाताना बॅगेत चुकून एक काडतूस राहिलं तर? माझा इथला परवाना दाखवला तर सोडतील ना?

नाही. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा परवाना भारतात कागदाचा तुकडा आहे. विमानतळावर तपासणीत जिवंत काडतूस सापडलं की शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, अटक होऊ शकते, विमान तर हमखास चुकतं. ताबा ‘जाणीवपूर्वक’ असला पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे, आणि विसरून राहिलेल्या एखाद्या काडतुसाचे गुन्हे उच्च न्यायालयांनी रद्दही केले आहेत. पण ते सिद्ध होईपर्यंत वकील, तारखा आणि परतीचं तिकीट यांत महिने जातात. माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांचे दिवाळीचे तीन आठवडे असेच गेले. काडतूस रेंजवर वापरलेल्या पाठपिशवीच्या अस्तरात सरकलं होतं आणि तीच पिशवी ते लॅपटॉपसाठी घेऊन निघाले होते.

रेंजची पिशवी वेगळी ठेवा आणि ती कधीही प्रवासाला नेऊ नका, रिकामी असली तरी. निघायच्या आदल्या रात्री प्रत्येक बॅग उलटी करून झटका, जॅकेटचे खिसे उलटे करा, चेनचे कप्पे बोटांनी चाचपा. रिकाम्या पुंगळीवरूनही चौकशी होते, म्हणून किल्लीला लावलेली पुंगळी काढून घरीच ठेवा. आणि घरून निघाल्यावर वाटेत काही सापडलं तर विमानतळाच्या कचऱ्यात टाकू नका. इमारतीत शिरायच्या आधीच मागे वळा आणि ते घरी तिजोरीत ठेवून या.